जुळ्यांची झोप आणि विहीणबाईंचा पाळणा

जुळी झाली म्हटलं की लोक ठरलेले प्रश्न विचारतात. सारखी दिसतात का? मोठं कोण? एकदमच रडतात का? तुमच्यात आधी कुणाला जुळी होती का? (नव्हती. जावईबापूंकडेही नव्हती.) पण त्यांना झोपवता कुठे, हे मला एकानेही विचारलं नाही. आमच्या घरात मात्र या एका प्रश्नावर जेवढी चर्चा झाली तेवढी नावं ठेवण्यावरूनसुद्धा झाली नाही. आता भाचीला दिवस गेलेत, तिलाही जुळीच आहेत. तिने परवा फोनवर खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

लेक बाळंतपणाला माझ्याकडे सांगलीला आली होती. डिसेंबर २०२४. पस्तिसाव्या आठवड्यातच दोघं आली. थोरला दोन किलो शंभर ग्रॅम, आणि त्याच्यामागून तीन मिनिटांनी धाकटी, एक किलो सातशे. थोरला लवकर हाती मिळाला. धाकटी बारा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या बारा दिवसांत आम्ही घरी तिच्या झोपण्याची व्यवस्था ठरवत होतो, आणि ती घरी येणार की नाही हा विचार कुणी बोलून दाखवत नव्हतं. व्यवस्थेवर एवढा वाद झाला त्याचं खरं कारण तेच असावं. माणसाला काहीतरी हातात लागतं.

सूचना तर किती आल्या! माझ्या जाऊबाई म्हणाल्या, नऊवारीची झोळी बांधा, दोघं गपगार झोपतील. बंगळूरच्या भाच्याने आपोआप झुलणारी, डोक्याकडून उंच असलेली एक आरामखुर्ची ऑनलाइन मागवायला घेतली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, आईच्या दोन कुशींत दोघं, त्याहून सुरक्षित जागा जगात नाही. आणि विहीणबाईंचा निरोप आला की कराडहून पाळणा टेम्पोत चढवलाय. सागवानी पाळणा, जावईबापू आणि त्यांचा भाऊ त्यातच वाढले. दोघं एका पाळण्यात मावतील, पोटात एकत्र होती ना!

धाकटीला पेटीत मी पालथी झोपलेली पाहिली होती. म्हणून सुटी मिळायच्या आधी मी तिथल्या सिस्टरना विचारलं की घरीही तशीच झोपवायची का. त्या म्हणाल्या, "नाही आजी. इथे तिच्या छातीला तारा लावल्यात, श्वास चुकला तर घंटा वाजते. घरी घंटा नाही. घरी पाठीवर." मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. दर वेळी पाठीवर. अंथरूण सपाट आणि टणक. उशी, लोड, जाड दुलई, खेळणी काही नाही. आईच्याच खोलीत, पण आईच्या गादीवर नाही. आणि दोघांना वेगवेगळं.

मी चाळीस वर्षं मुलांना "का?" विचारायला शिकवलं, तेव्हा मी तशी ऐकून गप्प बसणार नव्हते. डॉक्टर तरुण आहेत पण समजावून सांगणारे. पाठीवर झोपलेलं बाळ ओकलं तर गुदमरणार नाही का, हा माझा पहिला प्रश्न. त्यांनी कागदावर दोन नळ्या काढल्या. बाळ पाठीवर असलं की श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली येते. वर आलेलं दूध खालच्या नळीतच राहतं, श्वासनळीत जायला त्याला चढ चढावा लागतो. पालथं केलं की उलटं होतं. मला ते लगेच पटलं. गंमत म्हणजे नेमक्या याच भीतीपोटी अमेरिकेत दोन पिढ्यांनी बाळं पालथी झोपवली. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक तिकडे घरोघरी होतं, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातही पालथं झोपवण्याचा सल्ला आला. बाळं झोपेत दगावत राहिली आणि कारण सापडेना. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम झाली, आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्यावर आले. ना औषध ना यंत्र. नुसती कूस बदलली!

आपल्याकडे पाठीवर झोपवायची रीत होतीच. पण आपल्याकडची मोहरीची उशीही होती. डोकं गोल व्हावं म्हणून माझ्या दोन्ही मुलांना माझ्या सासूबाईंनी ती केली होती, आणि या वेळीही ती शिवून तयार होती. डॉक्टर म्हणाले, कमी दिवसांच्या बाळाची मान म्हणजे ओला देठ. उशीने डोकं उचललं की हनुवटी छातीला टेकते आणि नळी दुमडते. झोळीचंही तेच, त्या झुलत्या खुर्चीचंही तेच. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून दहा अंशांपेक्षा जास्त उताराच्या तसल्या झोपण्याच्या साधनांवर बंदीच आणली. भाच्याला फोन करून सांगितलं, पैसे वाचव. डोक्याचं म्हणाल तर एका रात्री डोकं या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला, आणि जागेपणी आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथं. डोकी छान गोल आहेत.

झोळीबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. तिला मी नावं ठेवणार नाही. आमच्या भागात ऊसतोडणीच्या हंगामात फडाच्या कडेला बाभळीला झोळ्या लटकलेल्या मी वर्षानुवर्षं पाहिल्या. खाली विंचू, साप, चिखल. तिथे ती झोळी हीच सुरक्षित जागा होती. पाचवीतली एक मुलगी दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी व्हायची ती थेट उन्हाळ्यात उगवायची. विचारलं तर म्हणायची, "बाई, झोळीला झोका द्यायला कुणी नव्हतं." ज्यांना घर आहे, सपाट जमीन आहे, त्यांनी बाळ झोळीत रात्रभर ठेवायची गरज नाही, एवढंच.

आईच्या कुशीचा प्रश्न सगळ्यांत अवघड. आपल्या आयाबाया बाळाला कुशीत घेऊनच झोपल्या. पण त्या सतरंजीवर, गोधडीवर झोपल्या. आताच्या आठ-आठ इंची फोमच्या गाद्या, त्यावर फुगलेल्या दुलया, आणि सिझेरियन होऊन तीन रात्री डोळा न लागलेली आई. त्यात बाळ नऊ महिने भरलेलं नसेल किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, तर एकाच गादीवर झोपवू नका असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीशी धरून डोळा लागणं तर याहून वाईट, बाळ फटीत सरकतं.

पण याच डॉक्टरांनी धाकटीला दिवसातून जितके तास जमेल तितके तास उघड्या छातीशी धरायला सांगितलं होतं. कांगारूसारखं. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात सुरू झाली, तिथे पेट्या कमी आणि बाळं जास्त होती म्हणून. गरिबीतून निघालेला उपाय आता जगभर श्रीमंत इस्पितळांतही करतात. मग छातीशी धरायचं पण झोपायचं नाही, हे जमायचं कसं? आम्ही पाळ्या लावल्या. दिवसा लेक. रात्री दहा ते एक जावईबापू शर्ट काढून बसायचे (आमच्या काळी जावई बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचा नाही!). दोन ते पाच मी लाकडी खुर्चीत, पाठ ताठ. शाळेत पर्यवेक्षण करायची सवय कामी आली. त्या खुर्चीत कुणाला झोप येईल तर शपथ.

आता पाळणा.

विहीणबाई पाळण्याबरोबर स्वतःही आल्या. पाळणा सुरेख, खरादावर काढलेले गज, लाल-हिरवा रंग, पितळी कड्या. मी टेप घेऊन मापं घेतली. दोन गजांतली फट आठ-साडेआठ सेंटीमीटर. लहान बाळाचं अंग त्यातून सरकू शकतं आणि डोकं अडकतं, म्हणून सहा सेंटीमीटरपर्यंतच असावी असं म्हणतात. रंग जुना, त्यात शिसं असू शकतं. आणि दोघांना एकात घालणं मला नको होतं. मी हे सगळं शक्य तितक्या नरमाईने सांगितलं. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण माझी दोन पोरं याच्यातच जगली." मी गप्प. "जगली" हा शब्द मला खटकला होता. लोक "वाढली" म्हणतात.

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी आपणहून सांगितलं. जावईबापूंच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. चाळीस दिवसांचा होऊन गेला. रात्री शेजारी घेऊन झोपल्या, पहाटे उठल्या तर गार. काही दुखणं नाही, ताप नाही. घरातल्यांनी म्हटलं की हिने अंगाखाली घेतलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी माहेरून मिळालेली पाटली मोडून हा पाळणा करून घेतला आणि मूल दीड वर्षाचं होईपर्यंत रात्री कधी शेजारी घेतलं नाही. "जावईबापूंना माहीत आहे का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. आता मात्र माहीत आहे. त्यांनीच सांगितलं, आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे इथे लिहितेय.

म्हणजे बघा, सिस्टरनी जे बोटांवर मोजून सांगितलं, त्यातली अर्धी गोष्ट या बाईने कुणीही न सांगता, दागिना मोडून केली होती. आईच्या जवळ, पण आईच्या अंथरुणात नाही. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की पुष्कळदा असं बाळ कुणाच्या अंगाखाली न येताही जातं, आजही सगळी कारणं उमगलेली नाहीत, आणि इतक्या वर्षांनी कुणीच कुणाला दोष देऊ शकत नाही. परत येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र स्वतःच म्हणाल्या, "सुताराला बोलवा, फटी बुजवून घेऊ."

सुताराने पाळण्याच्या साखळ्या काढल्या आणि त्याला चार पाय दिले. झोका नको, हलता पाळणा कलला की बाळ एका बाजूला घसरतं. दोन-दोन गजांमध्ये एकेक नवा गज बसवला. रंग त्याच्या दुकानात, आमच्या घरापासून लांब उतरवला आणि पुन्हा दिलाच नाही. तळ फळीचा सपाट होताच. त्यावर काथ्याची पातळ गादी बरोबर मापाची, कडेला दोन बोटंही जाणार नाहीत अशी, आणि घट्ट खोवलेली सुती चादर. थोरल्याला त्याच मापाची साधी नवी खाट. दोन्ही लेकीच्या पलंगाला लागून, हात लांबवला की पोचेल इतक्या जवळ. पाळणा धाकटीला द्यायचा हे विहीणबाईंनी ठरवलं.

दोघांना एकत्र ठेवण्याबद्दल नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर तो प्रसिद्ध फोटोही पाठवला होता, पेटीतल्या एका जुळ्या बाळाने दुसरीच्या खांद्यावर हात टाकलेला. खरा फोटो आहे, १९९५ मधला, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. पण तिथेही तारा होत्या, सिस्टर होत्या, घंटा होती. तज्ज्ञांतही याबाबत एकमत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वेगळंच झोपवा म्हणतात. ब्रिटनमध्ये सुरुवातीचे काही आठवडे एका खाटेत चालेल म्हणतात, पण दोघं पाठीवर, मध्ये गुंडाळी किंवा लोड न ठेवता, आणि वळायला लागली की लगेच वेगळी. आमची धाकटी थोरल्याच्या हाताखाली सापडली असती तर तिला तो हात बाजूला करता आला नसता. आम्ही वेगळं केलं. जागेपणी दिवसभर सतरंजीवर शेजारी शेजारीच असायची.

बाकी बारीकसारीक. कुंची झोपेत नाही, ती तोंडावर येते. धाकटीला टोपी डॉक्टर सांगेपर्यंत होती, मग काढली. ऊब हातापायांना नाही, मानेच्या मागे बोट लावून पाहायची, घाम असेल तर एक कपडा कमी. शेगडी आणि ओव्याची धुरी बंद, डासांची कॉइल बंद, खिडक्यांना जाळ्या. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या एका ज्येष्ठ नातेवाइकांना बाळं हातात दिली नाहीत, ते अजून रागावलेले आहेत. दुपट्यात गुंडाळणं थोरल्याने कूस वळायचा पहिला प्रयत्न केला त्या दिवशी दोघांचंही थांबवलं.

बारशाला पाळण्याला साखळ्या परत लावल्या, तेवढ्या एका दुपारीपुरत्या. विहीणबाईंनी स्वतः झोका दिला. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्यांनीच जावईबापूंना हाक मारून सांगितलं, "कड्या काढ रे, रात्र व्हायला आली."