प्रकाश पोहोचेल तिथवर

वेस्ट लाफायेट, इंडियाना
रविवार, रात्री उशिरा

ती. सौ. ताईस सा. न.

डोळ्यांवर झोप आहे, पण तू वाट बघत असशील म्हणून लिहायला बसलो. थंडी अशी की खिडकीच्या काचेला बोट टेकलं तरी बधिर होतं. जेवण म्हणजे गार पावात गार टर्कीचे काप, वर फक्त मोहरीची चटणी, आणि त्याचे बारा डॉलर! गरम वरणभातासाठी जीव नुसता कासावीस होतो. पर्ड्यू विद्यापीठ पाहिलं. इमारती लाल विटांच्या आहेत, बाकी सगळं फोटोत आहे.

आता तुझा प्रश्न. कुत्र्यांच्या मूत्राशयाचा कॅन्सर प्रकाशाने बरा होतो का? माझं मत असं की प्रकाशाचा उपाय खरा आहे, पण आपण त्याला फार उशिरा बोलावतो. फाइव्ह-एएलए नावाचं औषध दिलं की पेशींमध्ये एक रंगद्रव्य साठतं. मूत्रमार्गातून बारीक तंतू आत घालून लाल प्रकाश सोडला की ते द्रव्य तिथल्या प्राणवायूला चेतवतं आणि पेशी मरते. पण लाल प्रकाश मांसात काही मिलिमीटरच शिरतो, आणि कुत्र्यांची ही गाठ बहुतेक वेळा सापडते तेव्हा स्नायूत उतरलेली असते, तीही मूत्रवाहिन्या उघडतात त्या अडचणीच्या कोपऱ्यात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अभ्यासात कुत्र्यांना उलट्या झाल्या आणि आजार थोपला तो बहुतेकांत काही आठवडेच. त्यावरून उपायच कुचकामी ठरवणं मला पटत नाही. जिथे प्रकाश पोहोचतच नव्हता, तिथलं अपयश प्रकाशाच्या माथी का मारायचं?

कुणी म्हणेल, निरोगी अस्तरही ते रंगद्रव्य घेतं, मग तेही भाजणारच. हा आक्षेप रास्त आहे. माणसांत प्रकाशाचा उपचार, दुसऱ्या औषधाने का होईना, मूत्राशयासाठी कॅनडाने १९९३ सालीच मंजूर केला, पण पुढे काहींचं मूत्राशय आखडलं. म्हणूनच अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेलं काम मला मोलाचं वाटतं. त्यात प्रकाशाने जागं होणारं द्रव्य कुत्र्यांसाठी घडवलेल्या प्रतिपिंडाला जोडलं, म्हणजे ज्या पेशीला तो चिकटेल तीच मरावी. ते काम प्रयोगशाळेत आणि उंदरांतच झालं, हेही खरं.

पण मूळ प्रश्न वेळेचा आहे, आणि त्याचं उत्तर इथल्याच, पर्ड्यूच्या लोकांनी दिलंय. स्कॉटिश टेरियरना हा कॅन्सर संकरित कुत्र्यांपेक्षा कितीतरी पट जास्त होतो. इथे अशा १२० वरकरणी धडधाकट टेरियरांची तीन वर्षं, दर सहा महिन्यांनी, सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी केली. त्यांतल्या ३२ जणांत कॅन्सर निघाला, बाहेर काही दिसायच्या आत. कुत्र्यांतल्या या कॅन्सरच्या बहुतेक गाठींमध्ये बीआरएएफ जनुकातला एकच बदल असतो आणि तो लघवीत सापडतो. एरवी लघवीतून रक्त आलं की संसर्ग समजून अँटिबायोटिक देतात, लक्षणं थोडी कमी होतात आणि महिने निघून जातात. पातळ, वरवरच्या गाठीवर प्रकाश कसा चालतो, याची खरी परीक्षा अशाच लवकर सापडलेल्या कुत्र्यांत घ्यायला हवी. सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनीही त्यांना फायदा होतोच, म्हणून तुलना गोळ्यांशी करावी, रिकाम्या हाताशी नव्हे. आणि ही गाठ कुत्र्यांत आपोआप उगवते, माणसासारखीच स्नायूत शिरते, त्यामुळे त्यांच्यावर केलेला खर्च वाया गेला असं मी मानणार नाही.

बाबांच्या गोळ्या संपत आल्या असतील, आणून ठेव. बाकी पुढच्या पत्रात.

तुझा,
अवी