चाकावरची रेघ

बडोद्यात पाहुणे आले की त्यांना गाव दाखवण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे असते. त्यामुळे काही गोष्टी मला तोंडपाठ आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत. विद्यापीठात १९५० साली चित्र-शिल्पाचे कॉलेज निघाले आणि तिथे शिकवायला इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आले. शेवटी कीर्तिमंदिर. तिथल्या भिंतींवर नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीराबाई, महाभारताचे युद्ध रंगवले आहे. पाहुणे माना वर करून बघतात, मग शेव-उसळ खायला जातो.

एवढे सगळे सांगणाऱ्या मी स्वतः ब्रश हातात धरला तो बासष्टाव्या वर्षी, आणि खरे सांगायचे तर तोही ह्यांच्यासाठी.

हे चौतीस वर्षे ड्राफ्ट्समन होते. संगणक येण्याच्या आधीचे. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली त्यांची रेघ पट्टी लावून तपासली तरी चुकायची नाही. मुलांच्या वह्यांवरची नावे, मंडळाच्या गणपतीचा फलक, लग्नाच्या पाकिटांवरचे पत्ते, सगळे ह्यांच्याच हातचे. दोन वर्षांपूर्वी त्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हात चालता ठेवा म्हणाले. त्यातच एकदा बँकेत सही जुळेना. तीनदा करायला लावली, मागे रांग. घरी आल्यावर ह्यांनी पेने, कंपास, कॅलिपर सगळे एका डब्यात भरून माळ्यावर टाकले आणि त्या विषयावर बोलणे बंद केले.

आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर एका जुन्या बंगल्यात शनिवार-रविवार कलावर्ग चालतात. वर चित्रकला, खाली मातीकाम. मी दोघांची फी भरून आले. 'परत मिळणार नाही' असे पावतीवर छापले होते, ते मुद्दाम दाखवले. चौतीस वर्षे नोकरी केलेला माणूस भरलेली फी बुडू देत नाही, हे मला ठाऊक होते.

वर्गात सगळे हौशीच. एक दाताच्या डॉक्टरीण, दांडिया बाजारातल्या दोघी बहिणी, बारावीचा अभ्यास टाळून येणारा एक मुलगा. पहिल्या दिवशी वर पेरू आणि तांब्या ठेवला होता. माझा पेरू बटाट्यासारखा झाला, पण मजा आली. ह्यांनी कागदावर एकच रेघ ओढली, कागदाची घडी करून खिशात घातली आणि खाली जाऊन बाकावर बसले.

खाली शिकवणारी मुलगी गुजराती, आमच्या नातीपेक्षा थोडी मोठी. तिने काही न विचारता ह्यांच्यापुढे मातीचा गोळा ठेवला. "काका, आ जरा मसळी आपो ने." मळून द्या, बस. माती मळणे म्हणजे कणीक मळणे नव्हे, हे मला तेव्हा कळले. कणकेत हवा राहिली तर फार काही बिघडत नाही. इथे प्रत्येक घडीबरोबर हवा बाहेर ढकलायची. तळहाताचा जोर लागतो आणि जोर लावलेला हात कमी थरथरतो. तीन रविवार ह्यांनी नुसती माती मळली, सगळ्या वर्गाची.

चौथ्या रविवारी चाकावर बसले. गोळा चाकाच्या मधोमध आणणे हेच सगळ्यात अवघड. कोपरे मांड्यांवर घट्ट रोवायची, दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे आणि माती हलली तरी आपण हलायचे नाही. धडधाकट माणसांचेही गोळे उडतात. माझा तर भिंतीवर गेला. ह्यांचा वाडगा उभा राहिला. काठ लाटेसारखा झाला होता. मुलीने तारेने काठ छाटून सारखा करू का विचारले. हे नको म्हणाले.

वाडगा थोडा सुकल्यावर रंगाचे पट्टे द्यायचे होते. ह्यांनी ब्रशकडे पाहून मान हलवली. तेव्हा तिने वाडगा फिरत्या पाटावर ठेवला, शेजारी दोन विटांवर फळी टाकली आणि मनगट फळीवर टेकवायला सांगितले. ब्रश नुसता टेकवून धरायचा. रेघ हाताने काढायचीच नाही, पाट फिरेल आणि रेघ आपोआप येईल.

पाट फिरला. वाडग्याभोवती पांढरी रेघ आली आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. मधे दोन ठिकाणी बारीक थरथर होती. मी श्वास धरून उभी. हे चष्मा वर करून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "खाली अजून एक पाहिजे."

भट्टी उघडली ती नवरात्राच्या आदल्या आठवड्यात. खालच्या फळीवर दोघी बहिणींनी भोके पाडून केलेले गरबे होते. आमच्याकडे घट बसतो, त्यांच्या शेजारणींना गरबा लागतो, म्हणून त्यांनी चार केले होते. माझी कुंडी तळाशी तडकली. तळ जाड राहिला की असे होते म्हणे. ह्यांच्या तीन भांड्यांपैकी एक गेले, दोन निघाली. रेघांचा वाडगा शाबूत होता, फक्त लहान वाटला. आमची माती सुकून-भाजून साधारण १० टक्के आकसते.

ह्या आकसण्याने मात्र ह्यांच्या डोक्यात काहीतरी घेतले. आता झाकणाची बरणी करायची आहे. झाकण आणि तोंड एकाच दिवशी मोजून केले नाही तर दोन्ही वेगवेगळी आकसतात आणि बसत नाहीत. म्हणजे माप हवे, आकृती हवी. परवा जेवताना म्हणाले, "कॅलिपर कुठे ठेवलाय गं?"

स्टूल धरायला शेजारच्या मुलाला बोलावले आणि मीच माळ्यावर चढले.