लोअर परळचा काचेतला समुद्र

करी रोडला गाडीतून उतरलो तेव्हा शनिवारची दुपार झाली होती. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई. आईचे या भागात येणे बऱ्याच वर्षांनी झाले. पुलावरून खाली येताच ती थांबली आणि म्हणाली, "गिरण्यांच्या चिमण्या कुठं गेल्या रे?"

आमचे आजोबा इथल्याच एका गिरणीत रिंग खात्यात होते. साचाखात्यात मजुरी जास्त मिळे. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि नंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्या जागांवर काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत.

अशाच एका इमारतीत आमचा भाचा कामाला आहे. तळमजल्यावर खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे, तिची देखभाल तो करतो. २०१५ मध्ये नव्याने उघडलेले मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय मुलांनी पाहिले होते. ते बंद झाल्यापासून मासे दाखवा म्हणून त्यांचा हट्ट होता. भाच्याने परवानगी काढली आणि आम्ही आत गेलो.

टाकीत नारिंगी-पांढरे क्लाऊन मासे आणि पिवळेधमक टँग फिरत होते. प्रवाळ मात्र बनावट. समुद्रातले खडकाळ प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते काढता येत नाहीत, विकताही येत नाहीत. मुले काचेला नाक लावून उभी राहिली. आई म्हणाली, "पाणी किती नितळ आहे! रोज बदलता का?"

भाचा हसला. "मावशी, या मागं या," म्हणत त्याने टाकीखालचे दार उघडले.

टाकीतले पाणी वरून वाहून खालच्या टाकीत येते आणि पंपाने परत वर जाते. वाटेत पूर्वी कापडी पिशव्या लावलेल्या होत्या. उरलेले खाणे आणि माशांची घाण त्यांत अडके. ती तिथेच कुजली तर पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे मरतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पिशव्या काढून, उलट्या करून, पाण्याच्या जोरदार धारेने धुवायच्या. साबण चालत नाही. तो कापडात राहिला तर माशांना विष. "हाताचा वास जेवतानाही जात नव्हता," भाचा म्हणाला. रविवार असो, सण असो, पिशव्या धुवायला यावेच लागे.

आता तिथे यंत्र बसवले आहे. त्यात पांढऱ्या कापडाचा गुंडाळा असतो. कापडातून पाणी गाळले जाते. कापड घाणीने भरले की पाणी अडते आणि त्याची पातळी चढते. पातळीबरोबर छोटा तरंगता गोळा वर येतो, बटण दाबले जाते, मोटर फिरते आणि कापड थोडे पुढे सरकते. मळका भाग दुसऱ्या रुळावर गुंडाळला जातो. पाणी उतरले की मोटर आपोआप थांबते. आम्ही बघत असतानाच ती एकदा फिरली. आई पुढे वाकून म्हणाली, "म्हणजे इथं अजून कापड फिरतंय."

"मग तुला काम काय उरलं?" आम्ही विचारले.

भाचा जरा गप्प झाला. यंत्र येण्याआधी ते दोघे होते. यंत्र बसल्यावर कंत्राटदाराने महिन्याभरात दुसऱ्याला कमी केले. त्याची दोन मुले शाळेत आहेत. पुढे एका शनिवारी रात्री त्या गोळ्यावर मिठाचा थर साचला आणि तो वरच अडकून बसला. मोटर थांबेना, सगळा गुंडाळा एका रात्रीत फिरून संपला. सोमवारी पाहिले तर पाणी न गाळताच वाहत होते. यंत्र बसवणाऱ्याला बोलावण्याआधी भाच्याने गोळा काढून गोड्या पाण्यात धुतला, तार तपासली आणि नवा गुंडाळा चढवला. आयटीआयत शिकलेले वीजतंत्रीचे काम त्याला तिथे उपयोगी पडले. तेव्हापासून यंत्राची देखभालही त्याच्याकडेच आहे. पगार मात्र तेवढाच. तो वाढवून मागण्याचा अर्ज त्याने दिला आहे.

परतताना गाडीत आई बराच वेळ बोलली नाही. कुर्ला गेल्यावर म्हणाली, "घाणीतून हात सुटला, चांगलं झालं. त्या दुसऱ्या पोराचं तेवढं वाईट झालं."

आम्हाला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. घाणीत हात घालण्याचे काम यंत्राने करावे, त्यात दुःख मानू नये. पण त्यातून वाचलेला रविवार कामगाराला मिळाला पाहिजे, त्याची भाकरी जाता कामा नये. आणि आपल्या मुलांना यंत्र पुसायला ठेवतील, तेव्हा ते उघडून दुरुस्त करण्याइतके शिक्षण त्यांच्या पदरात असले पाहिजे.

धाकटीने घरी येताच विचारले, "तो गोळा वर कसा येतो?" आम्ही बादलीत पाणी भरले, त्यात प्लॅस्टिकचा चेंडू सोडला आणि तिला जवळ बोलावले.