बेगड

चमकणाऱ्या वस्तूंशी आमच्या घराण्याचा संबंध जुना आहे. आजोबा कलईवाले होते. खांद्यावर भाता, पिशवीत कथील आणि नवसागर घेऊन ते शहापूर-मुरबाडच्या गावांतून फिरत. किन्हवली, सरळगाव, म्हसा ही त्यांची ठरलेली वाट. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की तिथे त्यांचा मुक्काम असायचा. लोक बैल बघायला यायचे आणि येताना पितळी पातेली घेऊन यायचे. पुढे घरोघर स्टील आले आणि भाता माळ्यावर गेला. अब्बांनी मुंबईची वाट धरली आणि टॅक्सी चालवू लागले.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरल्याचे शहापुरात भांड्यांचे छोटे दुकान आहे. धाकटा मुरबाडला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रंगकाम करतो. हा लेख दोघांनी मिळून लिहिला, म्हणून ‘आम्ही’. काही वर्षांपूर्वी आम्ही एकत्र बसून चहा पितो असे कुणी सांगितले असते तरी मोहल्ल्यात कुणी विश्वास ठेवला नसता.

अब्बांची गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. मूळची ती इटलीची फियाट अकराशे. पुढे 1970 च्या दशकात तिचे पद्मिनी असे बारसे झाले. काळे अंग, पिवळे छप्पर, डाव्या बाजूला बाहेर बसवलेले मीटर आणि पुढेमागे चकचकीत बंपर. अब्बा महिना महिना मुंबईत असायचे, पण ईदला टॅक्सी घेऊनच घरी यायचे. अम्मी शिरखुर्म्याच्या तयारीला लागायची आणि आम्ही दोघे रॉकेलचा बोळा आणि अब्बांची जुनी बनियन घेऊन बंपर पुसायला बसायचो. त्या बंपरमध्ये आमचे चेहरे रुंद, नाके फेंदारलेली आणि मागे अख्खा मोहल्ला वाकडा दिसायचा. तो आमचा आरसेमहाल होता.

1988 ची रमजान ईद मे महिन्यात आली होती. दुपारी अब्बा झोपले असताना आम्ही गाडीत शिरलो. एकाने स्टीअरिंग धरले, दुसऱ्याने हँडब्रेक ओढून सोडला. आमची गल्ली उताराची. गाडी निघाली ती सरळ हातपंपाच्या ओट्यावर जाऊन थांबली. पुढच्या बंपरच्या उजव्या टोकाला मुठीएवढा खड्डा पडला. अब्बा उठून आले तेव्हा आम्ही सांगितले, “एक टेम्पोवाला ठोकून पळाला.” अब्बांनी बंपरकडे पाहिले, गाडी जिथे उभी होती त्या ओट्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बघून चालवत नाहीत हे लोक.” तो खड्डा त्यांनी कधीच काढून घेतला नाही. गॅरेजवाला म्हणायचा की काढताना वरचे क्रोम सुटेल.

ही गाडी 2010 साली वयाच्या अटीत बाद झाली. अब्बांच्या डोळ्यांत तोवर काचबिंदू उतरला होता, गाडी चालवणे आधीच बंद होते. थोरल्याने ती कुर्ल्याला भंगारात दिली. धाकट्याला हे आठवड्याने कळले. “भाई, बंपर तरी ठेवायचा होतास,” तो म्हणाला. “अब्बांच्या औषधाला पैसे लागत होते, तू किती दिलेस?” थोरल्याने विचारले. त्यानंतर तेरा वर्षे आमच्यात ईदच्या सलामापुरतेच बोलणे राहिले. बायका-मुले येत-जात होती, आम्ही दोघे मात्र एकमेकांच्या घरी पाहुण्यासारखे कडेला बसत होतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा अब्बा शहापूरच्या घरात ऐकत होते. त्यांची नजर तोवर पूर्ण गेली होती. बातमी संपल्यावर त्यांनी विचारले, “आपल्या गाडीचा एखादा फोटो आहे का रे?” फोटो नव्हता. असता तरी ते बघणार कसे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आले नाही. त्या रात्री थोरल्याने तेरा वर्षांत पहिल्यांदा मुरबाडला स्वतःहून फोन केला. म्हणाला, “गाडी करू या. लहान.”

गाडी करायची ठरली चोवीस पट लहान. मूळ गाडी चार मीटरला थोडी कमी, म्हणजे आमची साधारण साडेसोळा सेंटीमीटर. अंगासाठी शिवणीचे लाकूड घेतले, ते मऊ आणि कोरायला सोपे. तासून, पुट्टी भरून, घासून दोन महिन्यांत घाट जमला. काळा आणि पिवळा रंग हे तर धाकट्याचे रोजचेच काम. अडले ते बंपरपाशी. प्लास्टिकच्या जुन्या फूटपट्टीतून कापलेला सहा सेंटीमीटरचा तुकडा, पण त्याने आम्हाला वर्षभर नाचवले.

आधी डब्यातला चंदेरी रंग लावला. बंपर लोखंडी ट्रंकेसारखा दिसू लागला. या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते वाळताना वेडेवाकडे पडतात. प्रत्येक कण उजेड वेगळ्या दिशेला फेकतो, त्यामुळे चकाकी येते पण प्रतिबिंब येत नाही. क्रोमचे सारे मर्म प्रतिबिंबात आहे. खऱ्या बंपरवर पोलादावर तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोम चढवतात. हा क्रोमचा थर मायक्रॉनच्या काही अंशाइतकाच असतो. चमक खरे म्हणजे खालच्या निकेलची, क्रोम तिला निळसर छटा देते आणि गंजू देत नाही. हा मुलामा घरी चढवण्यासारखा नाही. त्याच्या हौदातली रसायने विषारी असतात, आणि आमचा बंपर तर प्लास्टिकचा.

मग थोरल्याला वर्ख आठवला. मिठाईच्या दुकानातून चांदीचा वर्ख आणला. श्वास लागला तरी तो फाटायचा. श्वास रोखून, डिंकाच्या ओल्या थरावर तो बसवला तेव्हा काय सुंदर दिसला! पण वर्ख इतका पातळ की खालचा प्रत्येक ओरखडा वर उमटला. शिवाय चांदीला हवेतले गंधक लागते. दोन महिन्यांत बंपर पिवळा पडला, मग तपकिरी.

तेव्हा आजोबा आठवले. कलई करण्याआधी ते भांडे इतके घासायचे की गिऱ्हाईक कंटाळायचे. कथील लावून कापसाचा बोळा फिरवायला मिनिटही लागत नसे, वेळ जायचा तो घासण्यात. म्हणायचे, भांडे मळके असेल तर कथील धरत नाही, आणि कलई सुटली की आमटी कळकते. धाकट्याच्या कारखान्यातले सूत्रही तेच होते. क्रोमसारखा लॅकर मारायचा तर खाली चकचकीत काळा रंग हवा, आणि तो स्वतःच आरशासारखा हवा. हजार, पंधराशे, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आम्ही तो काळा थर घासला. त्यावर एअरब्रशने लॅकरचे धुक्यासारखे हलके हात दिले. जाड हात दिला की पुन्हा ट्रंक. काळ्यावर चांदी उजळते, हे पटायला वेळ लागला.

पण तोवर जून उजाडला होता. शहापूरचा पाऊस म्हणजे भिंतींनाही घाम. दमट हवेत लॅकर वाळताना पांढुरका पडला. घासून पुन्हा मारला, पुन्हा पांढुरका. एकदा साधला, तर टिकावा म्हणून वर पारदर्शक वॉर्निश मारले आणि सगळी चमक दुधाळ झाली. त्या दिवशी आम्ही भांडलो. भंगारवाला, औषधाचे पैसे, सगळे त्या टेबलावर निघाले. चढलेले आवाज आतल्या खोलीत अब्बांनी ऐकले असणार. ते काही बोलले नाहीत. पण मनात साठलेले सगळे बोलून झाल्यावर आम्हाला हलके वाटले. धाकटा त्या रात्री शहापुरातच राहिला.

शेवटी उपाय निघाला तो बेगडाचा. मोहरमच्या ताबुताला लहानपणी आम्ही बेगड चिकटवायचो, नखाने दाबून, सुरकुती न पडू देता. बेगडी म्हणजे खोटे, असे मराठीत म्हणतात. आम्हाला ते कधी पटले नाही. ताबुताचा कारागीर रात्र रात्र जागून बेगड लावायचा, त्यात काय खोटे होते? फ्रिज-एसीवाले वापरतात ती ॲल्युमिनियमची पातळ चिकटपट्टी आम्ही आणली. घासलेल्या बंपरवर ती बसवून कानकोरण्याच्या कापसाने मधून कडेकडे दाबत नेली, कोपऱ्यात टूथपिक वापरली, ब्लेडने कडा कापल्या. दारांच्या मुठी आणि खिडक्यांच्या पट्ट्या अशाच केल्या. दिव्यांची कडी आणि चाकांच्या टोप्या पाऊस गेल्यावर लॅकरने साधल्या. बंपरात आम्हा दोघांची तोंडे दिसली, रुंद आणि फेंदारलेली.

31 मार्च 2025, ईदचा दिवस. नमाजानंतर गाडी अब्बांच्या हातात दिली. वर्षभर आम्ही डोळ्यांसाठी राबलो होतो. अब्बांनी बोटांनी बघायला सुरुवात केली. छप्पर, वरचे कॅरिअर, डावीकडचे मीटर. मीटरवर ते हसले. मग बोट पुढच्या बंपरवर गेले, डावीकडून उजवीकडे सरकले आणि टोकाला थांबले. तिथे दोनदा फिरले.

“गाडी छान आहे,” ते म्हणाले. “पण कुणाची आहे?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

“माझ्या गाडीला इथे खड्डा होता. टेम्पोवाल्याने केलेला.” थोडे थांबून ते म्हणाले, “दोन टेम्पोवाले होते. एक दहा वर्षांचा, एक तेरा.”

अम्मी नाही आता, ती असती तर हसून लोळली असती. आमच्याने हसवेना आणि बोलवेना. सदतीस वर्षे हा माणूस ते खोटे सांभाळून होता, मुठीएवढ्या खड्ड्यासकट. गॅरेजवाल्याचे क्रोम हे निमित्त असावे.

मुठीएवढा खड्डा चोवीस पट लहान केला की मसुराच्या दाण्याएवढा होतो. त्याच दुपारी थोरल्याने बंपर धरला आणि धाकट्याने गोल टोकाच्या दाभणाने उजव्या टोकाला दाबले. वर्षभर एक सुरकुती पडू नये म्हणून जपलेली ती पट्टी खड्ड्याभोवती चुरगळली. आम्ही ती तशीच राहू दिली. अब्बांनी पुन्हा बोट फिरवले, खड्ड्यात नखाचे टोक अडकले.

“हां,” ते म्हणाले, “आता आली घरी.”