तेलाचा ताप

ज्या घरात ताप मोजायची काचेची नळी नसते, त्या घरात माणसं आजारी कमी पडतात, असं माझी आई म्हणायची. मी ते नेहमी हसण्यावारी नेलं. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या बुलेटला मी तेलाचं तपमान दाखवणारं मीटर बसवलं, आणि आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं हे कळून चुकलं.

बुलेट अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 1971 सालची, साडेतीनशे सीसीची. उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. हिला नुकताच नवा पिस्टन घातला होता. गाडी हवाली करताना मिस्त्री म्हणाले, "साहेब, पहिले काही दिवस जपून चालवा. फार तापू देऊ नका."

"पण फार तापली हे ओळखायचं कसं?"

उत्तरादाखल मिस्त्रींनी आपला काळा पंजा इंजिनाजवळ नेला, क्षणभर धरला आणि मागे घेतला. "असं!"

त्यांच्या पंजाला चाळीस वर्षांच्या इंजिनांची ओळख. माझ्या पंजाला तेवढ्याच वर्षांच्या खतावण्यांची. तेव्हा मीटर आणणं भाग पडलं.

मीटर म्हणजे एक लहानशी तबकडी आणि तिच्या पोटाखाली पेन्सिलीएवढी पोलादी कांडी. बुलेटचं तेल वेगळ्या टाकीत नसतं. सिलिंडरच्या मागच्या अंगाला, इंजिनाच्या ओतीव धडातच त्याची कोठी असते. तीत सव्वादोन लिटरच्या आसपास तेल मावतं. त्या कोठीचं बूच काढायचं आणि त्या जागी हे मीटर फिरवून बसवायचं, की झालं. ना वायर, ना बॅटरी. कांडीच्या आत दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी गुंडाळलेली असते. उष्णतेनं एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी. त्या ओढाताणीत पट्टीला पीळ बसतो आणि तो पीळ काटा फिरवतो. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनं जहाजावरच्या घड्याळासाठी अशी जोडपट्टी वापरली होती. दोन भिन्न स्वभावांना जन्माचं एकत्र बांधलं की पीळ पडायचाच, हे सांगायला हॅरिसन कशाला हवा, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत पडलं.

बसवण्याआधी मीटर खरं बोलतं की नाही ते पाहावं म्हणून मी चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात कांडी धरली. काटा शंभराच्या अलीकडे, अठ्ठ्याण्णवावर थबकला. मी चिडून ते परत करायला निघालो होतो. मग शाळेतलं आठवलं. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर चढलं की पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं, आणि आमचं पुणं साडेपाचशे मीटरांवर आहे. म्हणजे मीटर बरोबर होतं. चुकत मी होतो. त्या पातेल्यातला चहा मात्र पुढे दोन दिवस कुणी घेतला नाही.

बुचाचे आटे जुळेनात. लेथवाल्याकडून पितळेचं बुश करून आणलं. कांडी तेलात बुडायला हवी, पण कोठीच्या तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये. नाहीतर तेलाऐवजी धातूचाच ताप दिसायचा. त्यासाठी दोन खेपा झाल्या. अखेर मीटर बसलं आणि माझी झोप उडाली.

तबकडी येते मांडीखाली. चालवताना ती पाहायची तर मान खाली घालावी लागते. पहिल्याच दिवशी "सत्तर झाले की काय" हे पाहण्याच्या नादात मी भाजीच्या हातगाडीवर जाता जाता राहिलो. त्या दिवसापासून नियम केला : गाडी उभी असल्याशिवाय काट्याकडे बघायचं नाही.

पण खरी गोष्ट निघाली ती जुनं बूच काढताना. त्याच्या आतल्या बाजूला पांढरट, लोण्यासारखा थर धरला होता. मिस्त्री म्हणाले, "गाडी बाजारापुरतीच फिरते ना? तेल पुरतं तापतच नाही."

त्यांचं बरोबर होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सारं वाफ होऊन धुराड्यातून जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या कडेनं खाली उतरते आणि थंड तेलात मिसळते. तेल चांगलं ऐंशी-नव्वद अंशांवर जाऊन थोडा वेळ तिथं टिकलं, तर हा ओलावा उडून जातो. मैलभर जाऊन गाडी थांबवली तर तो तेलातच मुरतो. म्हणजे इतके दिवस मी "फार तापेल" म्हणून घाबरत होतो, आणि गाडी कुढत होती ती थंडीनं!

हे ऐकलं आणि मला अण्णांचे रविवार आठवले.

अण्णा रोज बुलेटवर कचेरीत जात. अंतर जेमतेम दीड मैल. रविवारी सकाळी मात्र ते मला हाक मारत, "चल रे, गाडीचं तेल तापवून आणू." आम्ही कात्रजच्या घाटानं निघत असू. बोगदा ओलांडला की खेड-शिवापूर. तिथं दर्ग्यात अकरा जण एकेक बोट लावून दगड उचलतात ते पाहायचं. मग पुढे नसरापूरजवळचं बनेश्वर. तिथल्या झाडीत दशम्या खायच्या, पाण्यात पाय सोडून बसायचं. अण्णा फारसं बोलत नसत. माझ्या मनात मात्र एक सल होता. इतर मुलांचे वडील त्यांना फिरायला नेतात; माझे वडील गाडीला नेतात, आणि मी आपला मागच्या सीटवरचं ओझं. मोठेपणी एकदा भांडणाच्या भरात मी हे त्यांना बोलूनही दाखवलं होतं. ते नुसते म्हणाले, "तेल तापवावंच लागतं." त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

परवाच्या रविवारी मी एकटाच त्या वाटेनं गेलो. कात्रजच्या बोगद्याशी गाडी उभी करून मान खाली घातली. काटा पंच्याऐंशीवर होता. शिवापूरला थांबलो, तेव्हा तो नव्वदाला टेकला होता. म्हणजे अण्णांचं म्हणणं खरं होतं. तेल तापवावंच लागतं. पण ते काम शिवापूरलाच संपलं होतं! तिथून मागे फिरलं असतं तरी इंजिनाची काही तक्रार नव्हती.

मी पुढे बनेश्वरला गेलो. पूर्वीसारखाच तासभर झाडीत बसलो. परत येऊन पाहिलं तर काटा बराच खाली उतरला होता. आम्ही तिथं बसायचो तेव्हाही तेल असंच निवत असणार. तापवायला आणलेलं तेल रोज इतका वेळ निवू देणारा माणूस, गाडीसाठी म्हणून तिथं आलेला असेल काय?

मिस्त्रींना आता ते मीटर काढून टाकायला सांगणार आहे. जुनं बूच पुसून ठेवलं आहे. इंजिनापुरतं सांगायचं तर रविवारी शिवापूरपर्यंत जाऊन आलं की पुरे. पण धाकटा नातू पुढच्या रविवारी येणार आहे. त्याला बनेश्वरपर्यंत नेईन म्हणतो. मात्र तेलाबिलाचं काही एक सांगणार नाही. "चल, तुला फिरवून आणतो," एवढंच म्हणेन.