इलाइट चौराह्याची दोन चलनं

झाशी

चि. बाळास,

तुझं पत्र आणि दोन्ही चलनांच्या प्रती मिळाल्या. ‘मावशी, कचहरीत तुझ्या ओळखी आहेत, कुणाकडून तरी मिटवून टाक, पैसे लगेच पाठवतो,’ असं तू लिहिलंस. ओळखी आहेत, पण अशा रीतीने मी काही मिटवणार नाही. तूही मिटवू नयेस असं मला मनापासून वाटतं. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

चलन म्हणजे नुसती पैशांची पावती, ही समजूत आधी काढून टाक. तो खटला असतो. लहान असेल, पण खटलाच. माझी सगळी नोकरी अभिलेखागारात गेली. मोठमोठ्या फौजदारी फायलींच्या शेजारी मोटार वाहन कायद्याचे गठ्ठे असत, आणि दोन्हींवर नाव, कलम, तारीख, निकाल असेच रकाने. पुढे कधी कुणाला पासपोर्टसाठी, नोकरीसाठी, विम्याच्या दाव्यासाठी नकल लागली की कागदावर असेल तेच खरं धरलं जाई. त्या दिवशी चौकात नेमकं काय झालं होतं, हे सांगणारा माणूस समोर उभा असूनही त्याचा उपयोग नसे. म्हणून पैसे भरण्याआधी आणि भांडण्याआधीही कागद वाचायचा.

मी तुझे दोन्ही कागद वाचले. गुन्हे वेगळे आहेत, तेव्हा उत्तरंही वेगळी द्यावी लागतील.

पहिलं चलन हेल्मेटचं. फोटोत तुझं उघडं डोकं स्वच्छ दिसतं आहे. कलम 194 ड, दंड एक हजार. 1 सप्टेंबर 2019 पूर्वी ह्याच गुन्ह्याला शंभर रुपये पडत. शिवाय ह्या कलमात तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरण्याची तरतूद आहे, ती लोक वाचतच नाहीत. इथे वाद घालू नकोस. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतल्या 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सिपरी बाजाराकडून इलाइटला येताना संध्याकाळी काय गर्दी असते ते तू इथे असताना रोज पाहिलंस. ई-रिक्शा, टेम्पो, मधूनच उलट्या बाजूने घुसणारी मोटारसायकल. अशा रस्त्यावर ताईचा मुलगा उघड्या डोक्याने गाडी चालवतो हे वाचून मला रागच आला. तो दंड भर, आणि हेल्मेट घाल.

पण भरण्याआधी ते चलन सध्या कुठे आहे ते पाहा. परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर चलनाचा किंवा गाडीचा नंबर टाकलास की कळेल. ते अजून वाहतूक पोलिसांकडेच असेल तर इथे ज्याला शमन शुल्क म्हणतात ते भरता येतं. कायद्याच्या कलम 200 प्रमाणे ते भरलं की त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. कोर्टाकडे गेलं असेल, तर आभासी न्यायालयाच्या संकेतस्थळावर उत्तर प्रदेशचा वाहतूक विभाग निवडून शोधायचं. ही न्यायालयं 2019 साली दिल्लीपासून सुरू झाली, आणि 2020 साली तुझ्या नागपूर जिल्ह्यात काटोललाही एक निघालं. तिथे न्यायाधीश कागद पाहून दंड ठरवतात आणि तुझ्यापुढे दोन वाटा ठेवतात. दंड भर, नाहीतर ‘मला वाद करायचा आहे’ असं कळव. भरलास तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होतो. पोलिसांकडे भरणं आणि कोर्टात भरणं ह्यांत रुपये तेवढेच जात असतील, पण नोंद तेवढीच राहत नाही.

आता दुसरं, सिग्नलचं. तू लिहितोस की मागून रुग्णवाहिका आली, तिला वाट द्यायला स्कूटर पांढऱ्या रेषेपुढे घेतली आणि तेवढ्यात कॅमेऱ्याने टिपलं. हे खरं असेल, आणि तू खोटं लिहीत नाहीस हे मला माहीत आहे, तर हा दंड गुपचूप भरणं बरोबर नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला हाच कायदा कलम 194 ई खाली दहा हजारांचा दंड सांगतो. तू कायद्याने सांगितलेलंच केलंस. झाशी 2017 साली स्मार्ट सिटीच्या यादीत आली, आणि आता चौकाचौकांत कॅमेरे आहेत. कॅमेरा त्याच्यासमोरचा क्षण टिपतो. त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय झालं ते एका फोटोवरून कुणालाच कळणार नाही, न्यायाधीशांनाही नाही. ते आपल्यालाच दाखवावं लागेल.

2021 साली केंद्राच्या मोटार वाहन नियमांत 167 अ हा नियम आला, तो तुझ्या बाजूचा आहे. कॅमेऱ्यावरून काढलेल्या चलनाची नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायची असते. सोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, जागा, मोडलेलं कलम आणि त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र लागतं. आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपून ठेवायची असते. तेव्हा त्या वेळेच्या आसपासचं चित्रण जपून ठेवावं आणि कोर्टापुढे आणावं, असा लेखी अर्ज आधी करायचा. तोंडी विनंतीला अर्थ नाही. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा.

कलमही नीट बघ. सिग्नल मोडल्याचं चलन कलम 177 खाली असेल तर पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत, कैद नाही. 184 खाली असेल तर ते धोकादायक वाहन चालवण्यात गेलं. दंड हजार ते पाच हजार, कैदही होऊ शकते, आणि तीन वर्षांत पुन्हा तसाच गुन्हा झाला तर शिक्षा वाढते. एका आकड्याने एवढं अंतर पडतं. मुदतीचा हिशेबही कलमावरच ठरतो. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याचा खटला सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो, एक वर्षापर्यंत कैद असेल तर वर्षभरात. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 514 मध्ये आहे. मोजायची ती खटला दाखल झाल्याची तारीख, कोर्टाने पुढे कधी दखल घेतली ती नाही. बरेच वकील घाईत ह्याकडे बघत नाहीत.

ती तारीख ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सापडते. राज्य उत्तर प्रदेश, जिल्हा झाशी, मग पक्षकाराचं नाव आणि वर्ष. पण तुझं नाव टाकू नकोस! स्कूटर तुझ्या वडिलांच्या, भावोजींच्या नावावर आहे, तेव्हा खटलाही त्यांच्याच नावावर निघालेला असणार. आपली नावं तीन पदरी, नाव, वडील, आडनाव. इकडे टाइप करताना मधलं नाव गळतं, आडनावाचं स्पेलिंग बदलतं. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली अक्षरं टाकून शोध, तीन अक्षरंही पुरतात. चालू आणि निकाली, दोन्ही याद्या बघ. खटला सापडला की वर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असेल, तो उतरवून घे. पुढे कोर्टातले कारकून, म्हणजे पेशकार असो, अहलमद असो, की वकील असो, त्या एका क्रमांकावर काम होतं.

भावोजींची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ते पुण्यात बसले आहेत, झाशीचा चौक त्यांनी पाहिलेलासुद्धा नाही, आणि तू बेधडक दंड भरून कबुली दिलीस तर निकालात नाव त्यांचं येईल. गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर सांगणं मालकाचं कर्तव्य आहे, कलम 133. त्यांनी तुझं नाव, पत्ता आणि लायसन्स नंबर लेखी कळवावा. तुलाही तेच हवं असलं पाहिजे.

स्क्रीनवर दिसतं तो सारांश असतो. वाद करायचा तर फाइलची नकल काढावी लागेल. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नकोस. कोर्टाच्या कागदांच्या प्रती कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे. नकल विभागात अर्ज, तिकीट, खटल्याचा क्रमांक, एवढंच लागतं. वेळ लागतो, पण मिळते. ह्या गावात आधी कागद काढायची रीत जुनी आहे. झाशीचे राजे गंगाधरराव गेल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरल डलहौसीला 1853 च्या डिसेंबरात आणि 1854 च्या फेब्रुवारीत खलिते पाठवले, त्यांत 1817 च्या तहातल्या शब्दांवर बोट ठेवलं होतं. तलवार त्यानंतर तीन-चार वर्षांनी निघाली. त्यांचं ऐकलं गेलं नाही, पण काय मागितलं होतं आणि कशाच्या आधारावर, हे आज आपल्याला वाचता येतं ते त्यांनी लिहून ठेवलं म्हणून.

तुझ्या मित्राचं म्हणणं, ‘पडून राहू दे, सरकार माफ करतं.’ 2017 ते 2021 ची प्रलंबित चलनं उत्तर प्रदेशाने बंद केली हे खरं आहे. पण ज्यांनी प्रामाणिकपणे आधीच भरलं होतं त्यांना काही परत मिळालं नाही, आणि तुझी चलनं त्या काळातली नाहीत. उद्या भावोजी स्कूटर विकायला निघाले की ही थकबाकी समोर येऊन उभी राहील. लोक अदालतीचा मार्ग मात्र चांगला आहे. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून साधारण चारदा भरते, जिल्हा न्यायालयातच, आणि तडजोडीने रक्कम बरीच कमी होते. पण तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. हेल्मेटचं चलन तोवर कोर्टात गेलंच असेल तर तिथे ने. सिग्नलचं नेऊ नकोस, कारण तिथे तडजोड होते, तुझं म्हणणं खरं की खोटं हे ठरत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ म्हणून एखादी फाइल आली तर उघडू नकोस, भावोजींनाही आजच सांग. ती फोनमध्ये शिरते आणि बँकेचं खातं रिकामं करते. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असाच असतो.

तुला रजा काढून यायची गरज नाही. समन्स आलं तरी कलम 208 प्रमाणे वकिलामार्फत हजर राहता येतं. इथली एक तरुण वकील माझ्या चांगल्या ओळखीची आहे. ती फी घेते, पावती देते, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी अशिलाला वाचून दाखवते. भावोजींच्या सहीचं पत्र, आरसीची आणि तुझ्या लायसन्सची प्रत, वकीलपत्रावर सही, आणि रुग्णवाहिका कुठून आली, तिच्यावर काय लिहिलेलं होतं, बाजूला कोण उभं होतं, हे आठवेल तेवढं तुझ्या हाताने लिहून पाठव. आठवत नसेल ते लिहू नकोस. चित्रणासाठीचा अर्ज मी उद्याच तयार करून ठेवते, पण तुझा मजकूर हातात आल्याशिवाय देणार नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझी
मावशी