जर्नलमधला स्फटिक

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या बारावी सायन्सच्या कुठल्याही मुलाचं रसायनशास्त्राचं जर्नल उघडा. मोहर सॉल्टचं पान सापडेलच. ७ ग्रॅम फेरस सल्फेट, साडेतीन ग्रॅम अमोनियम सल्फेट, दोन-तीन मिली विरल सल्फ्युरिक आम्ल. निरीक्षण : फिकट हिरव्या रंगाचे स्फटिक मिळाले. खाली सही आणि तारीख. आता त्याला विचारा, बाबा, केवढे होते रे स्फटिक? तो हसतो. कारण स्फटिक त्यानं पाहिलेलाच नाही. मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलातून उतरवलाय, आणि त्यानं त्याच्या मागच्याच्या.

कॉलेजचं नाव आम्ही घेणार नाही. एकाचं घेतलं तर बाकीचे सुटतात.

रसायनशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. ते बहुतेकांना भरभरून मिळतात. मग तक्रार कसली, असं पालकही विचारतात. आमची तक्रार अशी की गुण दिले आणि वस्तू काढून घेतली. शहरातल्या पैसेवाल्या पोराला प्रयोगशाळा नसली तरी पुढे कुठेतरी भेटते. किनवट तालुक्यातल्या पाड्या-तांड्यावरच्या, बौद्ध वस्तीतल्या पोराला ती इथे नाही भेटली, तर बहुधा कधीच भेटत नाही. आणि तेच पोर पुढे नांदेडला बीएस्सीला गेलं की 'यांना ब्युरेट धरता येत नाही' म्हणून कोट्याच्या नावानं हिणवलं जातं.

१९४२ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन व्हाइसरॉयसमोर ठेवलं. त्यात शिक्षणाबद्दल काय मागितलं ते आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या मुलांचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या शिक्षणासाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशातल्या शिक्षणासाठी १ लाख, तेही विज्ञान-तंत्रज्ञानासाठी. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस हे मागतोय, हे लक्षात घ्या. जयंतीच्या डीजेला वर्गणी देताना हा आकडा आठवावा, एवढंच म्हणतो.

म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं, जर्नल बाजूला ठेवू आणि स्फटिक वाढवू. मोहर सॉल्टला आम्ल लागतं, ते विहाराच्या खोलीत नको. तुरटी घेतली. तीही दुहेरी क्षारच. पोटॅशियम सल्फेट आणि ॲल्युमिनियम सल्फेट एकाच स्फटिकात ठराविक प्रमाणात बसतात आणि सोबत पाण्याचे १२ रेणू धरून ठेवतात. प्रयोगशाळेत अडीच ग्रॅम पोटॅशियम सल्फेट आणि १० ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट वेगवेगळं विरघळवून, द्रावणं एकत्र करून, आटवून थंड करतात. आमच्याकडे किराणा दुकानाचा खडा होता.

पण दुकानातली तुरटी खरंच पोटॅशची आहे का? बाजारात अमोनियाचीही येते. मुलांना सांगितलं, थोडी कुटा आणि ओल्या चुन्यात चोळा. पानाच्या डबीतला चुना चालतो. अमोनियाची असेल तर मुतारीचा वास नाकात जातो. आमच्या खड्याला वास आला नाही. ही एवढी गोष्ट बघायला सगळी पोरं चुन्याभोवती जमली होती. पुस्तकातली ओळ नाकापर्यंत आली की ती विसरत नाही.

मग गरम पाण्यात तुरटी विरघळवत गेलो. २० अंशाला १०० मिली पाण्यात जेमतेम १२ ग्रॅम तुरटी मावते, ६० अंशाला त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणजे गरम पाणी जेवढी घेतं, तेवढी थंड पाणी सांभाळू शकत नाही. जास्तीची बाहेर पडते, ती स्फटिक होऊन. फडक्यातून गाळलं, बशीत ओतलं. सकाळी बशीच्या तळाशी आठ पैलूंचे लहान खडे. त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडून मासेमारीच्या बारीक दोऱ्याला बांधला आणि गार झालेल्या संपृक्त द्रावणात लोंबकळत सोडला. बरणीवर कागद, कारण धूळ पडली की तिथे नवे दाणे धरतात आणि आपला खडा उपाशी राहतो. बरणी माठाच्या सावलीत. इथलं दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं तर द्रावण तापतं आणि टांगलेला खडा पुन्हा विरघळायला लागतो. डिसेंबर चांगला, मे महिन्यात हा नाद करू नये. पाणी हळूहळू उडतं, खडा वाढतो. घाईनं गार केलं तर दुधाळ होतो, धीरानं ठेवला तर काचेसारखा. आमचा बोराएवढा झाला.

तुरटी ही काही लॅबची वस्तू नव्हे. कातडं कमावणाऱ्यांच्या, कापड रंगवणाऱ्यांच्या, न्हाव्याच्या हातात ती पिढ्यान् पिढ्या होती. रंग सुताला धरून ठेवायला तुरटी लागते, हे रंगाऱ्याला कुणा पंडितानं शिकवलं नाही. ज्यांच्या हाताला हे ज्ञान होतं त्यांना पोथी शिवायची बंदी, आणि पोथीवाल्यांनी या कामाला हात लावायचा नाही. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. हात न लावता लिहिलेलं जर्नल त्याच घराण्यातलं आहे. फरक इतकाच, की आता ते आपलीही मुलं लिहितात.

पावसाळ्यात पैनगंगेचं पाणी गढूळ येतं तेव्हा घरोघर घागरीत तुरटी फिरवतात. मुलांनी एका बरणीत फिरवली, एकीत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात चिकट साका तयार करतं, मातीचे कण त्याला धरून तळाशी बसतात. रोगजंतू मरतात असं मात्र नाही, पाणी उकळावंच लागतं. हेही सांगितलं.

मग एका मुलीनं महाडचा विषय काढला. २० मार्च १९२७ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दही, दूध घालून तळं 'शुद्ध' केलं. ती म्हणाली, दादा, त्यांनी पाणी शुद्ध झालं हे तपासलं कसं? आम्ही तिला उत्तर दिलं नाही, दुसरी गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर तुरटीचे कारखाने होते. तिथे शिळं मूत्र पिंपांनी आणून ओतत. माणसांचं. गाईचं नव्हे. त्यातल्या अमोनियानं तुरटीचे स्फटिक बनत. मंत्र लागत नसत. पुढे १७९७ साली वॉक्लँ आणि शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तुरटीत ॲल्युमिनियमसोबत पोटॅशही असतं, आणि मूत्राचं गुपित उलगडलं.

या वर्षी मोहर सॉल्ट करायचाय. अमोनियम सल्फेट आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दोन्ही आम्ही आणून देऊ. आम्ल आणि खोली कॉलेजानं द्यावी, आणि सरांनी तासभर उभं राहावं, असं निवेदन तयार आहे. द्रावण जास्त तापवलं तर लोह बदलतं आणि हिरव्याऐवजी पिवळट पडतं, हे मुलांनी आत्ताच वाचून ठेवलंय. निवेदनावर ४१ विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत. त्या जर्नलातून उतरवलेल्या नाहीत.